गिरणीच्या आवाजात दिलेला होकार

सांडू तांगड्याचा बोलण्यावर विश्वास नव्हता. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्याची सगळी उमेद यंत्राच्या घणापुढं गेली, आणि तिथं बोलून काही उपयोग नसे. भट्टीतून लालबुंद लोखंड निघायचं, सांडू ते लांब चिमट्यात धरून साच्यावर बसवायचा, आणि वरून घण पडायचा. घण चालवणारा शहागंजचा जहांगीर. सांडूनं हनुवटी खाली घेतली की घण सोडायचा, नजर उचलली की थांबवायचा. पाळीभर दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत, आणि जहांगीरच्या हातून सांडूचं बोट कधी चेपलं नाही. पुढं आयुष्यभर माणसांची पारख सांडूनं याच मापानं केली. जो बोलतो तो काम चुकवतो, असं त्याचं मत होतं.

घणानं हात सोडले, कान मात्र घेतले. निवृत्त होऊन हर्सूलच्या घरी बसला तेव्हा डाव्या कानाला काहीच येत नव्हतं आणि उजव्याला तुटक यायचं. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. बहिऱ्याची तोंडासमोर थट्टा होते, हे त्यानं कारखान्यात पाहिलं होतं. म्हणून त्यानं एक युक्ती बसवली. समोरच्याच्या चेहऱ्याकडं बघायचं. भुवया वर गेल्या की तो काहीतरी विचारतोय. मग ‘व्हय’ म्हणायचं. चेहरा उतरला की ‘आता काय करता’ म्हणायचं. एवढ्यावर त्याचा सगळा व्यवहार चालला होता. लोक म्हणत, सांडूभाऊ मोजकं बोलतो, पण माणूस सरळ आहे.

मुळात संशयी, त्यात कान गेलेले. कोणी दोघं हळू बोलले की आपल्याविषयीच बोलतात, असं त्याला वाटे. बायको आवडाबाई शेजारणीशी हसली की तो विचारायचा, काय चाललंय. ती म्हणायची, काय नाय. हे दोन शब्द त्याला ओठांवरून बरोबर वाचता यायचे, आणि त्यांवर त्याचा सगळ्यात कमी विश्वास होता.

मुलगी एकच, मथुरा. थोरला मुलगा पुण्याला होता, तो सणावारी यायचा. मथुरा विद्यापीठात एम.ए.ला होती. पुस्तकं घेऊन बसते, लिहिते, पान उलटते, हे सांडूला दिसत होतं, म्हणून ते त्याला काम वाटत होतं. पण त्या वर्षी तिनं संवाद कौशल्याचा कोर्स लावला आणि घरात निराळंच सुरू झालं. ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहून ओठ हलवायची. मध्येच थांबायची, मान हलवायची, पुन्हा तेच. सांडू दारात आला की गप्प व्हायची.

काय शिकवतात, असं त्यानं एकदा विचारलं. मथुरानं तोंड त्याच्याकडं करून सांगितलं, म्हणून त्याला ते कळलं.

“बोलायला अन् ऐकायला शिकवतात, आबा.”

“बोलायला तुला तुझ्या आईनं शिकवलंय, पाहिजे त्याच्यापेक्षा जास्त,” तो म्हणाला. “अन् ऐकायला काय शिकायचं? ते काय काम हाय?”

मथुरा हसली आणि आत जाता जाता काहीतरी म्हणाली. ते पाठमोरं होतं. सांडूनं ते मनात ठेवलं. पाठमोरं बोललेलं चांगलं नसतं, असा त्याचा हिशेब.

शेवटी एक दिवस तो स्वतःच बघायला गेला. मथुरा पुढं गेली, तो मागच्या रिक्षानं. इमारत शोधली, खिडकीपाशी लिंबाच्या झाडाखाली उभा राहिला. आत पोरं-पोरी जोडीजोडीनं समोरासमोर बसलेली. कोणापुढं वही नाही. बिल्किस मॅडम म्हणून ज्यांचं नाव मथुरा घ्यायची, त्या बाई रांगांमधून नुसत्या फिरत होत्या. जोडीतला एक बोलायचा, दुसरा त्याच्या तोंडाकडं बघत बसायचा. मग दुसरा बोलायचा आणि पहिला मान हलवायचा. मथुरासमोर एक चष्मेवाला पोरगा होता. तो हातवारे करून बोलत होता आणि मथुरा अगदी मन लावून ऐकत होती. आपण घरी बोलताना ही एवढं लक्ष देत नाही, हे सांडूला लागलं. तास संपेपर्यंत कोणाच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. फीचे पैसे घेऊन हे लोक पोरांना गप्पा मारायला बसवतात, एवढं त्यानं नक्की केलं. आणि गप्पा मारून मारून पोरं एकच गोष्ट शिकतील: दुसऱ्याला गुंडाळायचं.

तो वळला तर शिपाई समोर. शिपायानं भुवया उंचावून काहीतरी विचारलं. सांडू म्हणाला, “व्हय.” शिपाई त्याला पलीकडच्या इमारतीत घेऊन गेला. तिथं परीक्षेसाठी टेबलं वरच्या मजल्यावर न्यायची होती आणि आणखी चार मजूर आलेले होते. सांडूनं काही म्हटलं नाही. दुपारपर्यंत टेबलं वाहिली. वाहिली तीही नीट. एकाचाही कोपरा भिंतीला लागू दिला नाही. त्या दिवशी विद्यापीठात खरं काम आपणच केलं, असं त्याला परतताना वाटत होतं. शिपायानं मुद्दाम डाव टाकला, असंही वाटत होतं. घरी त्यानं सांगितलं नाही.

हे झाल्यावर पुढच्याच गुरुवारी नानासाहेब आला. नानासाहेब म्हणजे आवडाबाईचा भाऊ. औरंगपुऱ्यात त्याचं भांड्यांचं दुकान, ओळखी गावभर, आणि सोयरिकी जुळवायची हौस. सांडूच्या घराला लागून पिठाची गिरणी होती आणि ती सुरू होती. नानासाहेब ओट्यावर खुर्ची टाकून बसला तो नेमका सांडूच्या डाव्या बाजूला. आवडाबाई आत चहा ठेवत होती.

नानासाहेबानं सांगितलं ते असं. वाळूजला तात्यासाहेब म्हणून आपल्यातलेच आहेत. त्यांचा मुलगा तिथल्या कंपनीत परमनंट आहे. रविवारी ते मथुराला बघायला येतो म्हणतात. पसंत पडली की महिन्याभरात उरकायचं. फक्त शिकणं आता थांबवायचं, विद्यापीठात जाणं-येणं त्यांना नको. तसं कबूल आहे म्हणून सांगू का?

सांडूनं ऐकलं ते असं: वाळूज, कंपनी, परमनंट. नानासाहेबाचा धाकटा पोरगा वाळूजला टेंपररी होता. तो परमनंट झाला असणार आणि बाप आनंदानं सांगत सुटला असणार, असा सांडूनं मेळ घातला. नानासाहेबाच्या भुवया वर गेल्या.

“व्हय,” सांडू म्हणाला.

“बघा दाजी, मागनं बोलायचं नाय.”

भुवया अजून वरच होत्या. “व्हय, व्हय,” सांडू म्हणाला.

नानासाहेबानं आनंदानं त्याचा हात दाबला. पोराच्या नोकरीला एवढं काय, असं सांडूला वाटलं. पण त्यानंही हात दाबला. आवडाबाईनं आतून सगळं ऐकलं. स्थळ तिला बरं वाटलं. पण आपल्याला न विचारता नवऱ्यानं एका दमात लेक देऊन टाकली, याचा रागही आला, आणि राग आला की ती बोलत नसे. नानासाहेब चहा पिऊन गेला आणि वाळूजला फोनही करून मोकळा झाला.

मथुराला संध्याकाळी आईकडून कळलं. ती परसात गेली. सांडू मिरच्यांच्या रोपांना पाणी घालत होता. ती त्याच्या पाठीमागं उभी राहून बोलली. आपल्याला एवढं वर्ष पुरं करायचं आहे, एवढंच बोलली. तो वळला नाही, पाणी घालत राहिला. ती परत घरात गेली.

शुक्रवारी घरात कोणी धड बोलेना. बायकोनं ताट आदळलं. मथुरानं आरशासमोर उभं राहणं बंद केलं. आई-लेकी स्वयंपाकघरात हळू बोलायच्या आणि तो आला की थांबायच्या. आवडाबाईनं फराळाचं काढलं, पडदे धुतले. कोण येणार, असं विचारलं तर तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुढं विचारायचं विसरला. आता सांडूचा संशय पक्का झाला. त्याला तो चष्मेवाला पोरगा आठवला. हे पडदे त्याच्यासाठी. कोर्स वगैरे सगळं निमित्त. बापाला सांगायचं नाही, एकदम समोर आणून बसवायचं, असं ठरलेलं दिसतंय. सांडूनं पाळत ठेवली. मथुरा बाहेर निघाली की तो ओट्यावर यायचा. फोन उचलला की तिच्या ओठांकडं बघायचा.

शनिवारी संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावर मथुरा स्टूल घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. खिडकीतून पाहिलं होतं तशीच. सांडू सावध झाला.

“आबा, गुरुवारी मामा काय बोलले ते मला सांगा. मी मधी बोलणार नाय.”

“कशाला?”

“मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“मला तपासतीस का? हे शिकवलं का त्या बाईनं?”

“व्हय. हेच शिकवलं,” मथुरा म्हणाली. “भांडायच्या आधी समोरच्यानं काय ऐकलं ते विचारायचं.”

सांडूला लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यानं सांगून टाकलं. नानाचा धाकटा वाळूजला परमनंट झाला. चारचौघांत सांगू का म्हणून तो विचारत होता. आपण म्हणालो, सांग.

मथुराच्या डोळ्यांत पाणी होतं, की तिला हसू येत होतं, हे त्याला कळलं नाही.  मग तिनं त्याचंच बोलणं त्याला परत सांगितलं, सावकाश, तोंड त्याच्यासमोर धरून: “म्हणजे मामा त्यांच्या पोराविषयी बोलले, असं तुम्ही ऐकलं.”

“ऐकलं म्हणजे? बोललाच तो.”

“नाय आबा. ते माझ्याविषयी बोलले.”

आणि तिनं एकेक गोष्ट सांगितली. स्थळ. रविवार. शिकणं बंद. तुमचा होकार. प्रत्येक गोष्टीनंतर ती थांबली आणि त्यानं मान हलवेपर्यंत पुढं गेली नाही. कित्येक महिन्यांत कोणाचं एवढं बोलणं सांडूच्या कानात सबंध शिरलं नव्हतं. पण त्याच्या मनात पहिला विचार आला तो हाच की पोरगी बनवतेय. स्थळ नको म्हणून तिनं हे रचलं. कोर्समध्ये हेच घोटून घेतलं असणार.

त्यानं आवडाबाईला हाक मारली आणि पोरीला म्हणाला, तू बोलायचं नाय. बायकोला त्यानं विचारलं, नाना काय बोलला. आवडाबाईनं तेच सांगितलं. मथुरानं सांगितलं होतं तसंच, फक्त जास्त लांबण लावून.

 आवडाबाईचं लक्ष हळूहळू नवऱ्याच्या कानाकडं गेलं.

“अवं, तुम्हाला ऐकू येत नाय?”

सांडू भिंतीकडं बघत बसला.

“म्हणजे मी इतकी वर्षं भिंतीशीच बोलले,” ती म्हणाली. “अन् मी समजत होते, माझा नवरा माझ्या शब्दाबाहेर नाय. माझ्या आईला उन्हाळाभर इथं ठेवू का म्हणलं तवा व्हय म्हणलात, ते काय होतं?”

“ते ऐकलं होतं,” सांडू म्हणाला.

हे खरं की खोटं, हे आवडाबाईला अजूनही कळलेलं नाही.

मथुरानं मग आपलं सांगितलं. मला हे वर्ष पुरं करायचंय. परीक्षा दिली की स्थळं बघा, मी नाय म्हणणार नाय. ना रडली, ना गळ घातली. दोन वाक्यं बोलली आणि उत्तराची वाट बघत बसली.

“हे गोड बोलून गुंडाळायला शिकवलं का?” त्यानं विचारलं.

“गोड कुठं बोलले मी?”

तेही खरं होतं. सांडूनं पुन्हा आठवून पाहिलं. त्यात गोड काही सापडेना. पोरीचा डाव आहे हा संशय काही पुरता गेला नाही. पण दुसरी एक गोष्ट त्याला जास्त टोचत होती. लोखंड नीट बघितल्याशिवाय त्यानं कधी हनुवटी हलवली नव्हती. एकदाही नाही. आणि इथं घरच्या पोरीच्या बाबतीत त्यानं न बघता घण सोडायला सांगितला होता.

रविवारी सकाळी पाहुणे निघायच्या आत तो औरंगपुऱ्यात नानासाहेबाच्या घरी पोचला. सरळ सांगितलं, मला ऐकू आलं नव्हतं. नानासाहेबानं आधी थट्टा समजून हसून घेतलं. मग त्याची मुद्रा बदलली.

“दाजी, हे तुम्हाला पोरीनं पढवलंय. आतापर्यंत तुम्हाला सगळं ऐकू येत होतं. तुम्ही माझ्या दुकानात बसून तासतास बोललात.”

“तू बोललास. मी व्हय म्हणालो.”

नानासाहेबानं खात्री करायचं ठरवलं. तो त्याच्या डाव्या बाजूला गेला आणि हळूच काहीतरी बोलला. सांडू समोर बघत राहिला. पलीकडून नानासाहेबाच्या बायकोनं पदर तोंडाला लावला, त्यावरून ते काय असेल याचा सांडूला अंदाज आला. पण खात्री पटल्यावर नानासाहेब जास्तच भडकला. आता वाळूजला कोण सांगणार? माझी काय पत राहिली? फोन करून टाकू, मुलीला ताप आलाय म्हणू.

“फोन नको,” सांडू म्हणाला. “शब्द मी दिला. माघारी मीच घेणार. चल.”

नानासाहेबाच्या मोटारसायकलवर मागं बसून तो वाळूजला गेला. तात्यासाहेब बैठकीत तयार होऊनच बसले होते, धोतर-टोपी, गळ्यात उपरणं. नानासाहेबानं अडखळत विषय काढला तसे ते एकदम सुरू झाले. सांडूनं हात वर केला.

“पाव्हणं, मला ऐकू येत नाय. जरा समोर बसा, अन् हळू बोला.”

बाहेरच्या माणसाला हे तो पहिल्यांदाच सांगत होता. तात्यासाहेबांना खुर्ची ओढून घ्यावी लागली. रागात असलेल्या माणसाला हळू बोलणं जड जातं. त्यांनी एकेक शब्द वेगळा काढून सांगितलं, की शब्द देऊन फिरवणं हे माणसाचं लक्षण नव्हे, आमच्या पोरात काय कमी आहे, आणि लोकांना काय सांगू, व्याही बहिरा निघाला म्हणून?

सांडूला ‘आता काय करता’ म्हणायची फार इच्छा झाली. पण त्यानं काल पोरीनं केलं तसं केलं.

“तुम्ही म्हणता, मी शब्द फिरवला. तुमच्या पोरात खोट काढली. अन् बहिरेपणाचं ढोंग केलं. बरोबर ऐकलं का मी?”

तात्यासाहेब गडबडले. स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून परत येताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

“ढोंग असं नाय म्हणलो मी.”

“मग काय म्हणला? परत सांगा.”

“लोकांना काय सांगू, एवढंच म्हणलो.”

“लोकांना सांगा, मुलीच्या बापानं शब्द फिरवला. ते खरं हाय. तुमच्या पोरात खोट नाय, ते बी सांगा. शिकणं थांबवायची अट मी ऐकलीच नव्हती.”

“अन् ऐकली असती तर?”

हा प्रश्न सांडूला स्वच्छ ऐकू आला. 

“तर पोरीला विचारलं असतं,” तो म्हणाला. “आता विचारलं. ती नाय म्हणते.”

तात्यासाहेब पुढं आणखी बोलले, पण आवाज खाली आला होता आणि त्यातलं सांडूला काही कळलं नाही. त्यानं परत विचारलंही नाही. चहा आला नाही. दोघं उठले.

परतताना नगर रस्त्यावर वारा होता. सांडू मागं, नानासाहेब पुढं. नानासाहेबाची मान मधूनमधून हलत होती आणि खांदे वर-खाली होत होते. तो बोलत होता. बरंच बोलत होता. शिव्या देतोय, की बायकोला काय सांगायचं याची तालीम करतोय, की पोरीविषयी काही म्हणतोय? छावणीपर्यंत सांडूनं दम धरला. मग त्याच्या पाठीवर थाप मारून गाडी बाजूला घ्यायला लावली.

“खाली उतर. तोंड इकडं कर. काय म्हणालास ते परत सांग.”

नानासाहेबानं हेल्मेट काढलं. दाजीकडं पाहिलं, रस्त्यापलीकडच्या टपरीकडं पाहिलं.

“चहा घेऊ का, म्हणलो.”

वाळूजपासून छावणीपर्यंतचं सगळं बोलणं काही चहाचं नव्हतं, हे सांडूला पक्कं ठाऊक होतं. त्यानं नानासाहेबाच्या चेहऱ्याकडं नीट बघून घेतलं. मग टपरीवर जाऊन डावा कान भिंतीकडं करून बसला आणि मेव्हण्याला समोरची जागा दाखवली.